पाइपची बासरी: आधी गणित, मग ड्रिल

दोन्ही टोकं उघडी असलेल्या नळीचं सूत्र शाळेत एका ओळीत शिकवतात. ध्वनीचा वेग भागिले लांबीची दुप्पट, म्हणजे वारंवारता. सूत्र बरोबर आहे. पण पट्टीने मोजलेली लांबी त्यात घालून पाइप कापला, तर हाताशी येणारी बासरी हव्या त्या सुरापेक्षा जवळजवळ एक पूर्ण स्वर खाली बोलते. याचं कारण असं की हवेच्या दृष्टीने नळी जिथे संपते ती जागा पाइपच्या टोकाला नसते. ती थोडी बाहेर असते, आणि मुखरंध्राच्या, म्हणजे फुंकायच्या भोकाच्या, बाजूला तर बरीच बाहेर असते.

बासरीचं सगळं गणित या एका गोष्टीभोवती फिरतं: पट्टीने मोजलेली लांबी आणि हवेला जाणवणारी लांबी यांतला फरक किती? यातला काही भाग सूत्राने काढता येतो. मुखरंध्राचा भाग मात्र तुमच्या ओठांवर, फुंकीवर आणि रंध्राच्या कडांवर ठरतो, म्हणून तो मोजावाच लागतो. एकदा तो आकडा हातात आला की सहा स्वररंध्रांच्या (बोटांनी झाकायच्या भोकांच्या) जागा कागदावर काढता येतात.

खाली दिलेलं उदाहरण एकाच बासरीचं आहे: सगळी रंध्रं बंद असताना पांढरी पाच, म्हणजे ३९२ हर्ट्झ. पीव्हीसी पाइपचा बाहेरचा व्यास २० मिमी, आतला १६ मिमी, भिंतीची जाडी २ मिमी. तुमचा पाइप वेगळा असला तर आकडे बदलतील, रीत तीच राहील.

हवेचा स्तंभ आणि दोन प्रकारची टोकं

नळीतल्या हवेत दाबाची लाट टोकापर्यंत जाते आणि तिथून परत फिरते. परतलेली लाट पुढच्या धक्क्याशी जुळून आली की कंपन वाढत जातं, नाही जुळली की विरतं. हाच अनुनाद. उघड्या टोकाशी बाहेरची हवा दाब बदलू देत नाही, त्यामुळे तिथे दाबाचा निस्पंद असतो. बंद टोकाशी हवा हलू शकत नाही, म्हणून तिथे दाब सर्वांत जास्त बदलतो.

दोन्ही टोकं उघडी असतील तर नळीत अर्धी तरंगलांबी बसते:

वारंवारता = न × वेग ÷ (२ × लांबी), न = १, २, ३, ४…

एक टोक बंद असेल तर पाव तरंगलांबी बसते:

वारंवारता = न × वेग ÷ (४ × लांबी), न = १, ३, ५, ७…

बासरी पहिल्या गटातली. तिचं मुखरंध्र उघडंच असतं. क्लॅरिनेट दुसऱ्या गटातली, कारण पत्ती (रीड) बसवलेलं टोक लाटेला बंद टोकासारखं भासतं. त्यामुळे तितक्याच लांबीची क्लॅरिनेट बासरीपेक्षा एक सप्तक खाली बोलते, आणि जोर लावल्यावर तिचा स्वर दुपटीवर न जाता तिपटीवर जातो. मूळ स्वर आणि त्याची तिप्पट यांत १९ अर्धस्वर येतात. क्लॅरिनेटला इतकी रंध्रं आणि चाव्या लागतात त्या ही दरी भरून काढण्यासाठी.

सनई, ओबो आणि सॅक्सोफोन यांनाही पत्ती असते, पण त्यांची नळी शंकूच्या आकाराची आहे. टोकापर्यंत पूर्ण असलेला शंकू उघड्या नळीसारखे सगळे गुणक देतो, आणि त्याचं सप्तक दुपटीवर येतं. प्रत्यक्षात पत्ती बसवायला शंकूचं टोक कापावं लागतं. कापलेल्या तुकड्याचं घनफळ पत्ती आणि तिच्या नळीतल्या पोकळीने भरून निघालं नाही, तर सप्तकं बेसूर होतात. समजा कापलेल्या जागी शंकूचा व्यास ६ मिमी आहे आणि गायब टोक १०० मिमी लांब होतं. मग π × ३² × १०० ÷ ३, म्हणजे सुमारे ९४० घन मिमी पोकळी हवी.

ड्रिलआधीचा प्रयोग

४८० मिमी लांबीचा पाइप कापा आणि दोन्ही टोकं पॉलिश पेपरने साफ करा. फोनवर हर्ट्झ दाखवणारं ट्यूनर सुरू ठेवा. तळहात एका टोकावर आपटून तिथेच दाबून धरा. ‘टुप्’ असा एक स्वर येईल, ही बंद नळी. आता आपटून हात लगेच उचला. जवळपास दुप्पट उंच स्वर येईल, ही उघडी नळी.

२५ अंश सेल्सिअसला हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर असतो. आकडेमोडीत अपेक्षित उत्तरं बंद नळीला १७८.४ हर्ट्झ आणि उघड्या नळीला ३५३.२ हर्ट्झ अशी येतात. १७८.४ ची दुप्पट ३५६.८ होते, म्हणजे उघडा स्वर सप्तकाला सुमारे १७ सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) कमी पडतो. हा फरक टोकाच्या दुरुस्तीचा. उघड्या टोकाबाहेरची थोडी हवाही आतल्या हवेबरोबर हलते, म्हणून प्रत्येक उघडं टोक नळीला त्रिज्येच्या ०.६१ पट लांब करतं. बंद नळीला ही भर एकदा मिळते, उघडीला दोनदा. ०.६१ हा गुणांक पातळ भिंतीच्या, मोकळ्या टोकाच्या नळीसाठी हॅरोल्ड लेव्हिन आणि ज्युलियन श्विंगर यांनी १९४८ मध्ये गणिताने काढला. आपल्या पाइपला तो ०.६१ × ८ = ४.९ मिमी पडतो.

पुढे सगळीकडे सेंट लागतील. १०० सेंट म्हणजे एक अर्धस्वर. लांबीतली चूक सेंटमध्ये बदलायचं सूत्र सोपं आहे:

सेंट = १७३१ × (लांबीतला फरक ÷ लांबी)

४०० मिमीच्या नळीत एक मिलिमीटर म्हणजे सुमारे ४.३ सेंट. २३४ मिमीत तोच मिलिमीटर ७.४ सेंट होतो. वरच्या स्वरांना मोजमापातली चूक जास्त झोंबते ती यामुळे.

मुखरंध्र आणि बूच

पाइपवर सरळ रेष काढून घ्या. पाइप टेबलाच्या भिंतीलगतच्या कोपऱ्यात दाबून पट्टीच्या आधाराने पेन्सिल ओढली की रेष वाकडी जात नाही. एका टोकापासून ७० मिमीवर मुखरंध्राचं केंद्र येऊ द्या. तिथून दुसऱ्या टोकापर्यंत ४१० मिमी उरतील. सर्व अंतरं रंध्राच्या केंद्रापासून मोजायची, कडेपासून नाही.

खूण केलेल्या जागी मास्किंग टेप लावा आणि ३ मिमीच्या बिटने सुरुवात करा. मग ६ मिमी, मग ९ मिमी. ड्रिल हळू चालवा. वेगाने चालवलं तर पीव्हीसी वितळून बिटला चिकटतं आणि भोक वेडंवाकडं होतं. तापवलेल्या सळईने भोक पाडायची रीत बांबूसाठी आहे, पीव्हीसीला ती अजिबात वापरू नका. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो आणि तो फुप्फुसांना घातक आहे. घासताना उडणाऱ्या भुकटीसाठी तोंडाला मास्क हवा.

९ मिमीचं भोक बारीक गोल कानशीने लंबगोल करा: पाइपच्या लांबीच्या दिशेने ११ मिमी, आडव्या दिशेने १० मिमी. फुंकीचा झोत ज्या समोरच्या कडेवर आदळतो ती कड तीक्ष्ण आणि स्वच्छ राहिली पाहिजे. तिथे राहिलेला चुरा किंवा गोलाई आवाज भुसभुशीत करते. ओठाकडची कड किंचित गोल केली तर बरंच.

मुखरंध्राजवळचं टोक बुचाने बंद करायचं असतं. बुचाचं अंतर हा भाग बहुतेक जण अंदाजाने उरकतात, आणि सप्तक बेसूर राहतं ते इथेच. मुखरंध्राच्या केंद्रापासून बुचाच्या आतल्या पृष्ठभागापर्यंतची पोकळी हवेच्या उशीचं काम करते. ती अजिबात नसेल तर मुखरंध्राची दुरुस्ती (मुखरंध्रामुळे नळीला मिळणारी जादा लांबी) वारंवारता वाढली की घटते आणि वरचं सप्तक चढतं. पोकळी फार मोठी असेल तर उलट होतं. दोन्ही परिणाम एकमेकांना काटतील असं अंतर गणितातून मुखरंध्राच्या दुरुस्तीच्या सुमारे एक तृतीयांश येतं. आपल्या बासरीत ते १५ मिमीच्या आसपास निघतं, म्हणजे जवळपास नळीच्या आतल्या व्यासाइतकं. ‘एक व्यास सोडून बूच’ हा कारागिरांचा नियम इथे गणिताशी बरोबर जुळतो. सुरुवात १६ मिमीवर करा. बूच घट्ट पण सरकवता येईल असं घासून घ्या, आणि पाइपचं दुसरं टोक तळहाताने बंद करून मुखरंध्रातून हवा ओढून बघा. ओढ धरून राहिली नाही तर बूच गळतं आहे.

मुखरंध्राची दुरुस्ती मोजणं

आता स्वररंध्रं नसलेली ही नळी वाजवा. दोन मिनिटं वाजवून आतली हवा तापू द्या. ओठाने मुखरंध्राचा सुमारे एक तृतीयांश भाग झाका, पुढे नेहमी जसे वाजवणार तसेच. ओठ जास्त झाकला की स्वर उतरतो, जोर वाढवला की चढतो. म्हणून मध्यम फुंकीने लांब स्वर धरा, ट्यूनरवरचा आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा, नळी ओठांवरून काढून पुन्हा लावा आणि परत मोजा. पाच-सहा आकड्यांतला मधला घ्या.

समजा तो ३७७ हर्ट्झ आला. लांबी मिलिमीटरमध्ये ठेवली की वेगाचा अर्धा, १७३०००, हाच आकडा सगळीकडे वापरायचा:

प्रभावी (हवेला जाणवणारी) लांबी = १७३००० ÷ ३७७ = ४५८.९ मिमी

यातून प्रत्यक्ष लांबी ४१० आणि टोकाची दुरुस्ती ४.९ वजा केली की ४४.० मिमी उरतात. ही तुमच्या मुखरंध्राची दुरुस्ती. हा आकडा दुसऱ्याच्या बासरीवरून उचलू नका. तो सहा मिलिमीटरने चुकला तर सर्वांत खालचा स्वर २४ सेंटने चुकतो आणि सर्वांत वरचा ४४ सेंटने.

स्वररंध्राचं गणित

उघड्या रंध्राशी लाट पूर्ण थांबत नाही. हवेला दोन वाटा असतात: रंध्रातून बाहेर, किंवा नळीतून पुढे. रंध्रातली वाट अरुंद असल्यामुळे ती एका ठरावीक लांबीच्या नळीइतका अडथळा करते. त्या तुल्य लांबीला ‘उ’ म्हणू:

उ = (भिंतीची जाडी + ०.७५ × रंध्राचा व्यास) × (नळीचा व्यास ÷ रंध्राचा व्यास)²

०.७५ चा भाग रंध्राच्या आतल्या आणि बाहेरच्या तोंडाशी हलणाऱ्या हवेचा आहे. रंध्रापलीकडे उरलेली प्रभावी लांबी ‘र’ असेल, तर दोन्ही वाटा मिळून विजेच्या समांतर रोधांप्रमाणे उ × र ÷ (उ + र) एवढी लांबी होते. स्वररंध्रांकडे या पद्धतीने पाहणारी मांडणी आर्थर बेनेड यांनी १९६० मध्ये केली.

आधीच्या, म्हणजे पायाकडच्या (मुखरंध्रापासून दूरच्या टोकाकडच्या) स्वराची प्रभावी लांबी आपल्याला माहीत असते, नव्या स्वराचीही हवी तेवढी माहीत असते. दोघांतला फरक ‘फ’ धरला आणि वरचं समीकरण सोडवलं की वर्गसमीकरण मिळतं. त्याचं उत्तर:

र = (फ + √(फ² + ४ × फ × उ)) ÷ २

रंध्राची जागा = आधीच्या स्वराची प्रभावी लांबी − र

या सूत्राची मोठी सोय अशी की प्रत्येक रंध्राची जागा फक्त त्याच्या स्वतःच्या व्यासावर आणि शेजारच्या दोन स्वरांवर अवलंबून राहते. बाकीच्या रंध्रांचे व्यास तुम्ही बदलले तरी, ते स्वर सुरात आहेत तोवर, ही जागा हलत नाही.

आधी प्रभावी लांबी काढू. सगळी बंद ठेवल्यावरचा स्वर ३९२ हर्ट्झ, त्यावर पूर्ण, पूर्ण, अर्धा, पूर्ण, पूर्ण, पूर्ण अशा पायऱ्या: ४४०, ४९३.९, ५२३.३, ५८७.३, ६५९.३ आणि ७४० हर्ट्झ. (तीन रंध्रं बंद ठेवून सा धरणाऱ्या हिंदुस्थानी पद्धतीत या सात पायऱ्या मंद्र पंचमापासून तीव्र मध्यमापर्यंत जातात.) १७३००० ला त्यांनी भागलं की ४४१.३, ३९३.२, ३५०.३, ३३०.६, २९४.६, २६२.४ आणि २३३.८ मिमी मिळतात.

सगळी रंध्रं ८ मिमीची धरली तर गणित दाखवतं की पायाकडून पहिल्या आणि दुसऱ्या रंध्रात ४२ मिमी अंतर पडतं, आणि दुसऱ्या-तिसऱ्यात फक्त १५ मिमी. अनामिका आणि मधलं बोट इतकी ताणली जात नाहीत, आणि १५ मिमीत दोन बोटं शेजारी बसत नाहीत. इथे व्यास कामाला येतो. लहान रंध्र तोच स्वर देण्यासाठी तोंडाकडे सरकतं, मोठं रंध्र पायाकडे. पहिलं ६ मिमी, दुसरं ९ मिमी आणि तिसरं ६.५ मिमी केलं की अंतरं ३३ आणि २१ मिमी होतात, आणि हात मोकळा बसतो.

पहिल्या रंध्राचं उदाहरण पूर्ण सोडवू. उ = (२ + ४.५) × (१६ ÷ ६)² = ४६.२. फ = ४४१.३ − ३९३.२, बारकाईने ४८.१५. मुळाखालची बेरीज २३१८ + ८९०२ = ११२२०, तिचं वर्गमूळ १०५.९. म्हणून र = (४८.१५ + १०५.९) ÷ २ = ७७.०, आणि जागा ४४१.३ − ७७.० = ३६४.३. यातून मुखरंध्राची दुरुस्ती ४४ वजा केली की मुखरंध्राच्या केंद्रापासून ३२०.३ मिमी मिळतात. बाकीची अशीच:

| रंध्र (पायाकडून) | व्यास, मिमी | उ | फ | र | मुखरंध्रापासून अंतर, मिमी |
|---|---|---|---|---|---|
| १ | ६ | ४६.२ | ४८.२ | ७७.० | ३२०.३ |
| २ | ९ | २७.७ | ४२.९ | ६२.० | २८७.२ |
| ३ | ६.५ | ४१.७ | १९.७ | ४०.१ | २६६.२ |
| ४ | ७ | ३७.९ | ३६.१ | ५९.२ | २२७.५ |
| ५ | ८ | ३२.० | ३२.१ | ५१.९ | १९८.६ |
| ६ | ८ | ३२.० | २८.६ | ४७.८ | १७०.६ |

पाइपचं टोक ४४१.३ − ४४ − ४.९ = ३९२.४ मिमीवर येतं. पण आत्ता ३९५ वर कापा. बंद रंध्रांच्या भिंतीतली छोटी पोकळीही नळीत भर घालते. सहा रंध्रांची मिळून ही भर खालच्या स्वराला दीड-दोन मिमीपर्यंत जाते, म्हणून शेवटचं कापणं रंध्रं पाडल्यावर कानाने आणि ट्यूनरने करायचं.

पाडणं आणि सुरात आणणं

प्रत्येक रंध्र ठरलेल्या व्यासापेक्षा दोन मिमी लहान पाडा. मोठं करता येतं, लहान करता येत नाही. लहान रंध्राचा स्वर उतरलेला येईल. दुसऱ्या रंध्राला ७ वरून ९ मिमीपर्यंत नेताना स्वर सुमारे २२ सेंट चढतो, यावरून कानस किती चालवायची याचा अंदाज येतो.

काम पायाकडून तोंडाकडे करत जा. वरचा स्वर वाजतो तेव्हा खालची सगळी रंध्रं उघडी असतात, म्हणून खालचं रंध्र बदललं की वरचे स्वर थोडे हलतात. उलट दिशेने काम केलं तर झालेलं पुन्हा बिघडतं. पहिल्यांदा सगळी बंद करून पाइपचं टोक एकेक मिलिमीटर घासत मूळ स्वर आणा, मग रंध्र एक, मग दोन.

स्वर थोडाच उतरलेला असेल तर कानस रंध्राच्या तोंडाकडच्या कडेवर चालवा, केंद्र वर सरकतं आणि स्वर लवकर चढतो. व्यास वाढवायचा आहे पण स्वर फार चढवायचा नाही, तेव्हा पायाकडची कड घासा. स्वर चढलाच तर तोंडाकडच्या कडेला आतून मेण लावून भोक अरुंद करता येतं, तेवढं सुरात बसतं. रंध्राच्या कडा शेवटी बारीक पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. खरखरीत कड बोटाखाली हवा गळू देते, आणि गळती असली की खालचे स्वर फुटतात. स्वर फुटतोय म्हणून लगेच मुखरंध्राला हात लावू नका. आधी बोटं घट्ट बसली आहेत का ते पाहा.

चूक कुठे आहे, ते आकड्यांवरून ओळखणं

सातही स्वरांचा फरक सेंटमध्ये एका ओळीत लिहून काढा. चूक कशी पसरली आहे ते बघितलं की तिचं मूळ दिसतं.

फरक सगळीकडे सारखाच असेल तर वेग चुकला आहे, म्हणजे तापमान. हवा एक अंशाने तापली की स्वर सुमारे तीन सेंट चढतो. बासरी बेसूर नाही, पट्टी सरकली आहे. रंध्रांना हात लावायचं कारण नाही.

फरक तोंडाकडे वाढत जात असेल तर मुखरंध्राची दुरुस्ती चुकली आहे. वरचे स्वर जास्त उतरलेले असतील तर मुखरंध्र किंचित मोठं करा, दुरुस्ती कमी होते आणि वरचे स्वर खालच्यांपेक्षा जास्त चढतात. वरचे जास्त चढलेले असतील तर ओठाने थोडं अधिक झाकून पाहा. मापनाच्या वेळी तुम्ही जास्त झाकलं असण्याची शक्यता मोठी.

एकच स्वर वेगळा पडला तर ते रंध्र चुकीच्या जागी किंवा चुकीच्या व्यासाचं आहे.

पहिलं सप्तक सुरात आणि दुसरं नाही, तर बुचाकडे जा. वरचं सप्तक उतरलं असेल तर बूच मुखरंध्राकडे एकेक मिलिमीटर सरकवा, चढलं असेल तर दूर न्या. हे ठरवताना तीन रंध्रं उघडी ठेवून मधला स्वर वापरा. सगळी बंद ठेवलेल्या स्वराचं सप्तक सहसा अधिक चोख येतं, पण उघड्या रंध्रांच्या रांगेत उंच वारंवारतेची लाट जास्त खोल शिरते, त्यामुळे उघड्या स्वरांचं सप्तक आकुंचन पावतं. सरळ नळीच्या बासरीत हे थोडंफार राहतंच. १८४७ मध्ये थिओबाल्ड ब्योम यांनी आपल्या बासरीची नळी सरळ ठेवून मुखरंध्राकडचा भाग निमुळता केला. सरळ नळीत सप्तकं जुळवण्याची ती युक्ती आजही वापरात आहे.

आवाजाचा पोतही याच रांगेतून ठरतो. एका मर्यादेच्या वरची वारंवारता उघड्या रंध्रांशी परतत नाही, त्यांच्यापलीकडे निघून जाते. ही मर्यादा:

वेग ÷ ६.२८ × (रंध्राचा व्यास ÷ नळीचा व्यास) ÷ √(रंध्रांमधलं अंतर × रंध्राची प्रभावी उंची)

प्रभावी उंची म्हणजे भिंतीची जाडी अधिक व्यासाच्या ०.७५ पट. लांबी मीटरमध्ये घातली की आपल्या बासरीत उत्तर सतराशे हर्ट्झच्या आसपास येतं. रंध्रं मोठी केली तर मर्यादा वर जाते आणि आवाज उजळ होतो, लहान केली तर मंद, गोल होतो. त्यामुळे सहाही रंध्रांचे व्यास फार विषम ठेवले तर स्वरागणिक आवाजाचा पोत बदलत राहतो. ६ आणि ९ मिमी ही तडजोड हातासाठी आहे, त्याहून जास्त ताणू नका.

दुसऱ्या पट्टीची बासरी

तोच पाइप, तसंच मुखरंध्र आणि तेच बुचाचं अंतर ठेवलं तर ४४ मिमी हा आकडा पुन्हा वापरता येतो. सगळी बंद ठेवून ४४० हर्ट्झ हवे असतील तर टोक ३९३.२ − ४४ − ४.९ = ३४४.३ मिमीवर येईल, आणि तक्ता नव्या ‘फ’ ने पुन्हा सोडवायचा. फार खाली जायचं असेल तर १६ मिमीची नळी लांबीच्या मानाने बारीक पडते, खालचा स्वर अशक्त होतो आणि जरा जोर लागला की सप्तकावर उडी मारतो. अशा वेळी सगळी मापं वारंवारतेच्या गुणोत्तराने वाढवावीत. ३९२ वरून २९३.७ हर्ट्झवर येताना गुणक १.३३५ आहे, म्हणजे नळीचा आतला व्यास २१.४ मिमी. भिंतीची जाडीही तितकीच वाढवावी लागते, आणि तशी नेमकी जाडी मिळत नसल्याने ‘उ’ पुन्हा काढावा लागतो. पहिल्या दोन रंध्रांमधलं ३३ मिमीचं अंतर मग ४४ होतं. ते हाताला झेपत नसेल तर पहिलं रंध्र आणखी लहान आणि दुसरं आणखी मोठं धरून सूत्र परत चालवा, आणि बोटं आरामात बसतील असे व्यास कागदावर मिळेपर्यंत पाइपला ड्रिल लावू नका.